परतीची गाडी

तात्याबांनी म्हशीचा कासरा अजिनाथच्या हातात दिला, पण सोडला नाही. एक टोक अजिनाथकडं, एक त्यांच्याकडं. मधे म्हैस रवंथ करत उभी. शेजारचा अजिनाथ समजूतदार गडी, तो म्हशीची पाठ थोपटत राहिला. ओसरीवरून कडूबाईच म्हणाल्या, "अवं, सोडा की आता. तिला काय कॅनडाला न्यायचंय?"

तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. लेक ऋतुजा आणि जावई अंगद चार वर्षांपूर्वी तिकडं गेले. आता त्यांनी घर घेतलं होतं, आणि या दोघांनी कायमचंच यावं असा अंगदचा आग्रह होता. कागदपत्रंही झाली होती. तात्याबा अठ्ठावीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. जिल्ह्यातलं एकेक वळण त्यांना धुक्यात ओळखू यायचं. तिकडं कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कुणाचं बोट धरावं लागणार. पण इथं तरी काय सोपं होतं? त्यांचे गुडघे गेलेले. कडूबाईंची साखर वर-खाली. दवाखान्यासाठी केज गाठायचं तर जीपमध्ये अवघडून बसायचं. शेवटी कडूबाईंनीच तिढा सोडवला.

"एकच लेक हाय. तिनं बोलावलं अन् आपुन न्हाई गेलो, तर तिनं कुणाला बोलवावं?"

तात्याबा तयार झाले. युसूफ वडगाव या गावातलं राहतं घर चुलतभाऊ अर्जुनराव घेणार होते. सोमवारी केजला खरेदीखत होतं. म्हैस आज चालली होती.

"तात्या, मला एक कळंना," अजिनाथ म्हणाला. "पंचमी तीन आठवड्यांवर आली. लोकांचा मुराळी जातो अन् लेकीला घेऊन येतो. तुमचं उलटंच. मुराळी गेला अन् तिकडंच ऱ्हायला."

कडूबाई हसल्या. तात्याबाही हसले, पण त्यांच्या डोळ्यांपुढं चौसाळ्याचं घर आलं. ऋतुजाचं सासर. तिला भाऊ नाही, म्हणून नागपंचमीला मुराळी होऊन बापच जायचा. गावात त्याची थट्टा व्हायची. पहिल्या वर्षी ते जाऊन बसले, विहीणबाईंशी पाऊसपाण्याचं बोलले. सासूसमोर लेक 'मला न्या' कशी म्हणणार? ती चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि खाली बघत एवढंच म्हणाली, "आबा, परतीची गाडी कितीची हाय?" तात्याबा समजले. "साडेतीनची," ते म्हणाले आणि विहीणबाईंपुढं हात जोडले, "चार दिवस पाठवा." आत तिची पिशवी आधीच भरलेली होती.

पुढच्या पंचमीला तिनं विचारलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. विहीणबाई म्हणायच्या, घेऊन जा की. ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. तात्याबा चहा पिऊन एकटेच परत यायचे. एसटीत खिडकीशी बसून त्यांना फार बरं वाटायचं. लेक रुळली, याचा त्याहून मोठा दाखला कुठला?

अजून कासरा दोघांच्या हातात होता, तेवढ्यात कडूबाईंचा मोबाईल वाजला. व्हिडिओवर अंगद आणि ऋतुजा शेजारी शेजारी बसले होते. तिकडं रात्र झाली होती. अंगदनं नेहमीसारखं नवं घर दाखवलं. ही तुमची खोली, मामा. ही खिडकी. बाहेर कितीही बर्फ पडो, आत सदऱ्यावर बसा. पोरगा मनानं चांगला, सासऱ्यासाठी जीव टाकणारा. मग ऋतुजानं नेहमीसारखंच इकडचं विचारलं. दाराला यंदा रंग दिला का? कडुनिंबाखालची बाज तिथंच आहे का? जरा म्हैस दाखव, आई.

कडूबाईंनी मोबाईल अंगणाकडं फिरवला. तात्याबांनी आवाज मोठा करून सांगितलं, "आता ठरलं, बाई. म्हैस अजिनाथला दिली. घराची रजिस्ट्री सोमवारी. आमी कायमचे येतो."

अंगदनं टाळी वाजवली. तिकिटं आजच काढतो म्हणाला. ऋतुजानं खाली बघितलं. पदर नव्हता, पण बोटं पदर शोधल्यासारखी मांडीवर फिरली.

"आबा," ती म्हणाली, "परतीची गाडी कितीची हाय?"

अंगदला हसू आवरेना. "अगं, कायमचे यायलेत ते. त्यांना कशाला परतीची गाडी?"

कडूबाईही हसल्या. तात्याबा हसले नाहीत. चार वर्षांत आठवड्याला दोनदा फोन झाले होते. म्हातारपणी आपल्याला आधार हवा म्हणून लेक बोलावते, असंच ते धरून चालले होते. ती दार का विचारत होती, बाज का विचारत होती, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि आज ते स्वतःच त्या दाराची किल्ली दुसऱ्याला द्यायला निघाले होते.

ते मोबाईलजवळ गेले. टोपी नीट केली. घसा खाकरला.

"साडेतीनची," ते म्हणाले.

ऋतुजानं मान वर केली. तात्याबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. चौसाळ्याला जोडले होते तसेच त्यांनी जावयापुढं हात जोडले.

"पाव्हणं, पंचमीला पाठवा तिला. मी न्यायला येतो."

अंगदचं हसू थांबलं. त्यानं शेजारी वळून बायकोकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "या, मामा."

तात्याबा अंगणात आले. अजिनाथच्या हातातलं कासऱ्याचं टोक त्यांनी अलगद सोडवून घेतलं.

"म्हैस ऱ्हाऊ दे गड्या," ते म्हणाले. "लेक यायलीय. घरात दूध लागंल."