दहा दिवसांचा निशिगंध

"डोळे घट्ट मिटा, बाबा. चीटिंग चालणार नाही!" बकुळनं वडिलांच्या डोळ्यांवर गमछा बांधला आणि वर एक गाठ जास्तीची मारली.

समोर स्टुलावर तीन फुलदाण्या. तिन्हींत निशिगंध. पहिलीतला आज सकाळचा. दुसरीतला दहा दिवसांचा, पण बकुळच्या हातचा. दांड्या पाण्यात धरून तिरक्या कापलेल्या, पाण्यात साखर, लिंबू आणि ब्लीचचे दोन थेंब, एक दिवसाआड नवं पाणी. खालची फुलं गळाली होती, तरी वरच्या कळ्या ऐटीत उमलल्या होत्या. तिसरीतलाही दहाच दिवसांचा, पण नुसत्या नळाच्या पाण्यात, तुलनेसाठी. त्याच्या दांड्या बुळबुळीत झाल्या होत्या. पाणी इतकं घाण मारत होतं की तिनं वर ताटली झाकली होती.

शाळेतलं विज्ञान प्रदर्शन गेलं उडत. अकरावीतल्या बकुळला हरवायचं होतं ते बाबांना.

बाबा, म्हणजे विश्वेश्वरशास्त्री, गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगत. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून ते फूल कधी नाकाशी नेत नसत. गरजच नव्हती. माळीण दारात आली की आतूनच ओरडत, "कल का माल है, वापस ले जाओ!" आणि ती निमूट परत फिरे. सगळ्या गल्लीत त्या नाकाचा दरारा होता.

"माझं दहा दिवसांचं फूल तुम्हाला ताजं वाटेल," असं बकुळ म्हणाली तेव्हा ते हसले होते. "बकुळे, ज्या दिवशी मी शिळ्याला ताजं म्हणेन, त्या दिवसापासून देवापुढे बसणार नाही."

आणि बाबा बोलले की बोलले. एकदा रागाच्या भरात चहा सोडला, त्याला नऊ वर्षं झाली. बकुळनं ठरवलं होतं, आधी जिंकायचं, मग शपथ मागे घ्यायला लावायची. कशी, ते तिनं ठरवलं नव्हतं.

"सांगा, आजचा कुठला?"

तिनं पहिली फुलदाणी त्यांच्यासमोर धरली. बाबांनी हातानंच 'पुढची' अशी खूण केली. दुसरी धरली. पुन्हा तीच खूण. तिसरीवरची ताटली काढताना तिनं स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि हसू दाबलं.

बाबांनी श्वास ओढला. पुन्हा ओढला.

"ही," ते म्हणाले. "ही आजची."

बकुळला हसू फुटणारच होतं. बाबा थट्टा करताहेत! पण बाबा हसत नव्हते. धोतराचा काठ त्यांनी मुठीत आवळून धरला होता. तिला दोन महिन्यांपूर्वीचा त्यांचा ताप आठवला. परवा त्यांच्या शेजारी दूध करपलं, तरी ते पोथी वाचत बसले होते, तेही आठवलं.

"बोल की. बरोबर ना?" आवाज नेहमीसारखाच खणखणीत. शेवटाला मात्र जरासा हलला.

"बरोबर, बाबा," बकुळ म्हणाली. "हरले मी."

गमछा सुटायच्या आत ती तिसरी फुलदाणी घेऊन स्वयंपाकघरात शिरली. आई दाराआडच उभी होती. तिनं फुलदाणी घेतली, मोरीत उपडी केली आणि नळ मोठा सोडला.

"पहिल्यांदा जड जातं," ती हळूच म्हणाली. "मला दोन महिने झाले."