यीस्ट घालायची वेळ

यामिनी गेल्याचं कळलं, तेव्हा चंद्रशेखर खाली बिअर करत होता.

नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकमधल्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर प्रत्येक घराला सायकली ठेवायला एक अरुंद खोली आहे. बिअरचं सगळं सामान तिथेच असायचं, कारण वर स्वयंपाकघरात यामिनी ते येऊ देत नव्हती. सकाळी बुद्धवंदना घेताना ती पंचशीलातली चार शीलं हळू म्हणायची आणि मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं आवाज चढवून, खालपर्यंत ऐकू जावं म्हणून.

त्या शनिवारी माल्टचा रस उकळून, निववून पिंपात ओतून झाला होता. हातांवर जंतुनाशक फवारलं होतं. आता फक्त यीस्ट घालायचं. अशा वेळी हात कशालाही लावायचा नाही. एक बोट भलतीकडे लागलं तर वीस लिटर नासतात.

फळीवरचा फोन वाजला. यामिनीचं नाव दिसलं. ती बाजारात गेली होती. मेथी आणू की पालक, असंच काहीतरी असणार. फोन वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

"झालंच गं," तो फोनकडे बघून म्हणाला आणि त्यानं यीस्टची पुडी फाडली.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात मोकळे झाले होते. नंबर अनोळखी होता. रुग्णवाहिकेतली एक बाई अगदी सावकाश डच बोलत होती, नवख्याला कळावं म्हणून. यामिनी ट्रामच्या थांब्यावर कोसळली होती आणि तिथेच गेली होती. छातीत कळ आल्यावर तिनं रुग्णवाहिकेसाठी ११२ लावला नव्हता. आधी नवऱ्याला लावला होता.

दवाखान्यात मुलीच्या हातात आईचा फोन होता. त्यात दोन कॉल दिसत होते.

"बाबा, का नाही घेतलास?" धम्मदीपानं विचारलं.

"सायलेंटवर होता."

पुढे आईच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकाला तिनंच सांगितलं, बाबाचा फोन सायलेंटवर होता. कोणी काही बोलायच्या आतच सांगायची.

तीन आठवड्यांनी, शनिवारीच, डेल्फ्टहून शिरीष आला. बिअरच्या नादातला त्याचा दोस्त. येताना धुतलेल्या बाटल्यांची दोन खोकी घेऊन आला होता.

"शेखर, आज भरून टाकू. आणखी ठेवलीस तर व्हिनेगर होऊन लोणच्यात घालायला होईल," तो म्हणाला. "आणि पुढच्या शनिवारी माझ्याकडे गव्हाची बिअर लावू. घरात बसून राहू नकोस."

चंद्रशेखरला पिंप गटारात ओतायचं होतं. पण का ओततोस, हे सांगावं लागलं असतं. तो निमूट खाली गेला.

दोघे आत शिरल्यावर खोलीत सायकल हलवायलाही जागा उरली नाही. तेवढ्यात धम्मदीपा आली आणि दारात उभी राहिली. सतरा वर्षांची पोर, या खोलीत कधी फिरकली नव्हती.

"कॅन आय हेल्प?"

"ये की," शिरीष खूश झाला. "आधी हात पुढे कर." त्यानं तिच्या हातांवर भरपूर फवारलं. "आता बाटली सोडून कशाला शिवायचं नाही. नाक खाजलं तरी नाही."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून शिरीषला आणखी चेव आला.

"फोन वाजला तरी नाही. खुद्द राजाचा आला तरी वाजू द्यायचा. नियम माझा नाही हं, तुझ्या बाबाचा. एकदा यीस्ट घालायच्या वेळी मी आमच्या अस्मिताचा फोन घेतला, तर बाबानं मला तासभर झापलं होतं. म्हणे, बायको दहा मिनिटं थांबते, यीस्ट थांबत नाही."

धम्मदीपाचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

चंद्रशेखरनं तिच्या हातात बाटली दिली आणि पिंपाची तोटी उघडली. बाटलीत फेस चढायला लागला.

"दॅट सॅटरडे," ती म्हणाली, "वेअर यू डूइंग धिस?"

"हे नाही गं," शिरीष म्हणाला, "हे आज. त्या दिवशी तर यीस्ट..." आणि तो खाली बघून झाकणं मोजायला लागला.

"बाटली सरळ धर," चंद्रशेखर म्हणाला.

तिनं सरळ धरली.

"फोन कुठे होता?" हे तिनं मराठीत विचारलं.

तोटी त्याच्या हातात होती. दार तिच्या मागे होतं. बाटली भरली, त्यानं दुसरी दिली. तिनं ती घेतली, धरली, आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिसरी दिली. शिरीष एकेका बाटलीवर झाकण ठेवून ते बसवायच्या यंत्राचा दांडा दाबत होता. तेवढाच आवाज.

अशा एकोणचाळीस बाटल्या झाल्या.

शिरीषनं खोकी भिंतीशी रचली. "येतो रे," म्हणाला, आणि धम्मदीपाच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडला. पुढच्या शनिवारचं काही बोलला नाही. ती दारातून हलली नाही.

चंद्रशेखरनं बादलीतल्या पाण्यानं पिंप धुतलं. मग तोटी सुटी करून धुतली. मग फळीवरची नळी काढून धुतली, जी आज वापरलीच नव्हती. ओली नळी त्यानं पुसली, गुंडाळली, परत फळीवर ठेवली.

आता धुण्यासारखं काही उरलं नव्हतं. उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं.