ओट्यावरची दोन वर्तुळे

धम्मपालांनी ओट्यापाशी वाकून गाल जवळजवळ दगडाला टेकवला आणि एक डोळा मिटून खिडकीच्या उजेडाच्या दिशेने पाहिले. पांढऱ्या संगमरवरावर दोन वर्तुळे उमटली होती. एक तांब्याच्या बुडाएवढे, दुसरे ताम्हनाएवढे. तेवढ्याच जागी दगडाचे तेज विझले होते.

"चिंच?" त्यांनी विचारले.

"उद्या घटस्थापना ना," कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "पूजेची भांडी चिंचेने घासली आणि तशीच इथे उपडी घातली. तेवढ्यात शेजारच्या क्षमाचा फोन आला. तासाभराने उचलली, तर हे. दहा वेळा पुसलं. जातच नाही हो."

"पुसून नाही जाणार, काकू. डाग नाही तो. आंबटाने दगड खाल्लाय. ग्रॅनाइट असता तर काही झालं नसतं. मार्बल फार हळवा."

कुंदाताईंनी घड्याळाकडे पाहिले. तीन वाजत होते. ओट्याखालच्या कपाटात मार्बल पॉलिशवाल्याचे कार्ड सापडले होते, त्यावरच्या नंबरवर त्यांनीच धम्मपालांना बोलावले होते.

"माझी सून, रेवती, सहाला येते. सबंध घरात तिने हट्ट धरला तो एवढ्या ओट्यासाठी. मला इथे राहायला येऊन दोन महिने झाले. हे इथे ठेवू नका, ते तिथे ठेवू नका, असं एका शब्दाने म्हणाली नाही कधी. आणि मी हे करून ठेवलं."

"पाचपर्यंत निघतो मी. तुम्ही बसा."

पण कुंदाताई बसल्या नाहीत. धम्मपालांनी पिशवीतून हातातले छोटे यंत्र काढले, कोपऱ्यातला पिठाचा डबा बाजूला सरकवला, मागच्या प्लगमध्ये वायर खोचली आणि दगडावर चूळभर पाणी ओतले. चकती फिरू लागली. दुधासारखे पाणी ओघळू लागले की ते दुसऱ्या हातातल्या फडक्याने अलगद टिपत. मध्येच यंत्र थांबवत आणि बोटांची पालथी बाजू दगडावरून फिरवत, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावी तशी. घाई नाही, आदळआपट नाही. आयुष्यभर कामे करणारे पुष्कळ हात कुंदाताईंनी पाहिले होते. ज्या वस्तूवर काम चालले आहे तिला विचारून पुढे सरकणारे हात त्या प्रथमच पाहत होत्या.

शेवटी पॉलिशची पांढरी पूड आली, चकतीवर लोकरीची गादी आली. वर्तुळे गेली. त्या जागी वरच्या ट्यूबलाइटची रेघ आरशात दिसावी तशी उभी राहिली.

"झालं की!" कुंदाताईंचा श्वास मोकळा झाला.

"झालं कुठे? खरं काम आता." धम्मपाल हसले. "बघा ना, एवढीच जागा जास्त चमकतेय. बाकीचा ओटा वापरातला आहे. सूनबाई आत आल्या की नजर सरळ इथेच जाईल. ही चमक आता उतरवायची, बाजूच्या दगडाइतकी. जरा जास्त उतरली तर वाट लागली, म्हणून हे हातानेच."

दगड चमकवणे हे कसब कुंदाताईंना समजत होते. आपणच आणलेली चमक नेमक्या पायरीवर आणून थांबवणे, हे त्यांच्या कल्पनेत कधी आले नव्हते.

धम्मपालांनी न पाहताच कोपऱ्यात हात घालून प्लग काढला. तेव्हा कुठे कुंदाताईंच्या ध्यानात आले. पिठाच्या डब्यामागे दडलेला तो प्लग सापडायला त्यांना स्वतःला चार दिवस लागले होते.

"हा प्लग इथे आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

धम्मपाल फडके पिळत राहिले.

"याआधी आला होता तुम्ही इथे?"

"काकू," ते शांतपणे म्हणाले, "कुणाकडे काय काम केलं, ते मी सांगत नाही. उद्या तुमचंही कुणाला सांगणार नाही."

कुंदाताईंनी डोळे मिटले आणि शेगडीपासून सिंकपर्यंत तळहात फिरवत नेला. पुन्हा फिरवला. सगळीकडे तोच गारवा, तोच गुळगुळीतपणा. कुठेही काही हाताला लागले नाही. आणि तरी याच ओट्यापाशी, अशाच एखाद्या दुपारी, आणखी कुणीतरी घड्याळाकडे पाहत उभे होते.

धम्मपालांनी चमक उतरवायला बारीक दाण्याचा घासायचा कागद हातात घेतला.

"राहू द्या," कुंदाताई म्हणाल्या.

"अहो, पण दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी कुंदाताईंकडे क्षणभर पाहिले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पिशवी आवरली. चहाचे आधण ठेवलेले होते. पण घाटकोपरला अजून एक ओटा वाट पाहत होता.

सहा वाजता लॅचची किल्ली फिरली. रेवती पर्स खांद्यावर तशीच ठेवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि ओट्यासमोर थबकली. उतरत्या उन्हात दोन वर्तुळे लखलखत होती.

रेवतीने एका वर्तुळावरून बोट फिरवले.

"धम्मपालदादा आले होते?"

"हो गं. चिंचेची भांडी ठेवली मी तिथे." कुंदाताई थांबल्या. "चहासुद्धा न घेता गेले बघ."

रेवतीचा हात ओट्यावरून सरकत सिंकच्या कडेशी गेला आणि एका जागी, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे विसावला.

"माझ्या वेळीही नव्हता घेतला, आई."