सोळा सुटे ठोके

"काका, यंदा पहिला ताल संथ घेऊ," पथकप्रमुख मृण्मयी म्हणाली. गणपतीच्या मिरवणुकीचे ताल ठरवायला आम्ही सगळे सरावाच्या मांडवात जमलो होतो.

"संथ कशाला? मिरवणुकीत लोकांना फास्टच लागतं," मी म्हणालो.

गेले तीन महिने माझा उजवा हात थरथरतो. ताशावर काड्या जोरात फिरल्या की ती थरथर तालात बुडून जाते, कुणाला कळत नाही. संथ तालात एकेक ठोका उघडा पडतो. हे मी घरीही सांगितलेलं नाही.

मतं घेतली, तर फास्टच्या बाजूने चारच हात वर झाले. त्यातला एक माझा, डावा.

मृण्मयी हसली. "ऐका तरी. पथकात तुमचं पंचविसावं वर्ष. सुरुवातीला शंभर ढोल गप्प राहतील. फक्त तुमचा ताशा, सोळा ठोके, एकेक सुटा. मग आम्ही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नको म्हणायला मला एकही कारण सापडेना.

मीही टाळ्या वाजवू लागलो. टाळ्या वाजवताना हात थरथरलेला दिसत नाही. बाकीचे थांबले, तरी मी वाजवतच राहिलो.