नमुन्याची बाथरूम

लिथुआनियातल्या त्या कारखान्यात अख्खी बाथरूम तयार व्हायची. क्रेनने उचलून इमारतीत नेऊन बसवली की झालं. नॉर्वेतल्या एका वृद्धाश्रमाला अशा दोनशे हव्या होत्या. तिथल्या संचालिका टुरिडबाई नमुना बघायला आत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दहा मिनिटं झाली तरी त्या बाहेर येईनात. कारखान्याची प्रमुख दाइवा दाराशी उभी होती. हे काम हातचं गेलं, तर निम्मी माणसं घरी बसणार होती.

"इतका वेळ काय बघतायत?" फोरमन कुजबुजला. "एखादी टाइल तर निघाली नाही ना हो?"

तेवढ्यात आतून धपकन आवाज आला. दाइवाने दार ढकललं. टुरिडबाई कमोडशेजारी फरशीवर पडल्या होत्या.

"अहो, घसरलात का? थांबा, उचलते."

"हात लावू नका मला!"

भिंतीवरच्या आधाराच्या दांड्यापर्यंत त्यांचा हात पोचेना. तिसऱ्या खेपेला तो पकडून, धापा टाकत त्या एकट्याच उभ्या राहिल्या.

"दांडा चार बोटं खाली घ्या आणि दोनशे पाठवा."

"पण तुम्ही पडलात कशा?"



"मुद्दाम पडले. माझी आई पडली, तेव्हा तिच्या हाताला धरायला काहीच नव्हतं."