तांत्रिक बिघाड

"दर निवडणुकीला आदल्याच दिवशी कसं गं तुमचं इंटरनेट बिघडतं?" भाड्याची मोटरसायकल चालवणारा काग्वा रांगेतून ओरडला. "मुहूर्त काढून ठेवता का?"

रांग हसली. मोबाइल कंपनीच्या त्या दुकानात काउंटरमागं उभी असलेली नालुबेगा हसली नाही. इंटरनेट बंद ठेवायचा हुकूम कंपनीला वरून, सरकारकडून आला होता. राजधानी कंपालातल्या मुख्य कचेरीनं दुकानातल्या मुलींना बोलायला एकच वाक्य दिलं होतं. ते तिनं पुन्हा म्हटलं, "तांत्रिक बिघाड आहे. फोन बंद करून परत चालू करून बघा."

दुसरं काही बोललीस तर उद्यापासून घरी बस, असं व्यवस्थापक किवुम्बी साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आता ते आतल्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते.

रांगेतून सेंतोंगो गुरुजी पुढे आले. नालुबेगाला अक्षरं त्यांनीच शिकवली होती. तिनं काउंटरमागेच गुडघे जरासे वाकवले. मोठ्यांसमोर बाईनं गुडघे टेकायचे असतात, पण गणवेशातल्या मुलींना दुकानात तेवढ्यावर भागवता येतं.

गुरुजींनी रुमालात गुंडाळलेला फोन काढला. "माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं बघ. आज सकाळपासून काही उघडत नाही. शेजारचा म्हणाला, सगळं पुसून टाका, नव्यासारखा होईल. ते पण केलं. नातवंडांचे फोटो गेले, हा मात्र आहे तसाच."

"तांत्रिक..." नालुबेगा म्हणाली आणि थांबली.

"तुझा काय दोष, बाळ? म्हाताऱ्याची बोटं जाड. आता नवाच दे. दुभती शेळी आहे, तिला गिऱ्हाईक बघून आलोय. आमच्या मतदान केंद्रावरचा निकाल भिंतीवर लागला की त्याचा फोटो मला तालुक्याला पाठवायचाय, तिथं सगळ्या गावांचे आकडे पडताळतात. माझ्यामुळे गावाचा आकडा राहिला, असं व्हायला नको."

"दाखव ना गुरुजींना नवे फोन," दारातून साहेब म्हणाले. "चांगला दाखव."

नालुबेगानं कपाट उघडलं, एक खोकं काढलं. मग ते तसंच ठेवून काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आली. रांगेनं जागा दिली. गुरुजींच्या पुढ्यात तिनं दोन्ही गुडघे जमिनीला टेकवले.

"अगं, हे काय? नमस्कार झाला की मघाशीच!"

"गुरुजी, तुमचा फोन चांगला आहे. तुमच्या हातून काही बिघडलं नाही. इंटरनेट आम्हीच बंद केलंय."



"कधी चालू करणार?" गुरुजींनी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच, हळू.

"मोजणी होऊन निकाल जाहीर झाल्यावर."

गुरुजींनी फोनवर नातवंडांचे फोटो असायचे त्या जागी बोट फिरवलं. फोन रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. शेळी राहील. मोजणी होईपर्यंत मी तिथंच उभा राहीन. आकडा घेऊन सायकलनं जाईन तालुक्याला."

"सायकलनं?" काग्वा म्हणाला. "तुम्ही पोचेपर्यंत पुढची निवडणूक लागेल, गुरुजी! मी येतो ना. बसा माझ्या मागे."

"माझ्याही केंद्रावर ये रे," मागून मटोके, म्हणजे भाजीची हिरवी केळी विकणारी एक बाई म्हणाली. "वाटेतच आहे."

"आमच्याही," आणखी कुणीतरी म्हणालं.

"नालुबेगा," साहेबांनी हाक मारली. "आत ये."

गुरुजींनी हात पुढे केला. तो धरून ती उठली. गुडघ्यांवर तांबडी धूळ लागली होती. ती न झटकताच नालुबेगा आत गेली.