दुसऱ्या भागातला डॉक्टर

“शेवट साफ चुकलाय,” हनुमंत म्हणाला. “बनवणाऱ्याला अक्कलच न्हाई.”

“काका, थांबा!” आदिनाथनं हातातला स्क्रूड्रायव्हर उगारला. “ती मालिका मी अजून बघितली नाहीये.”

“बघू बी नगं. बाई मरती शेवटी.”

आदिनाथनं कपाळावर हात मारून घेतला. प्रेरणा हसली.

सोमवारी दुपारी लोणावळ्याचा बाजार ओस पडतो. पर्यटक रविवारी रात्रीच गेलेले असतात. मग आदिनाथच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे तिघं बसायचे. प्रेरणा चिक्कीच्या दुकानातून यायची. हनुमंत खंडाळ्याच्या एका हॉटेलात आचारी होता, सोमवारी त्याला सुट्टी. तिघांनाही जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचा नाद. कोण काय बघतंय, कुठपर्यंत आलंय, ते सांगायचं आणि भांडायचं.

आज सगळेच वैतागले होते. आदिनाथच्या हिरोनं तीन आठवड्यांपूर्वी मूठ उगारली होती, ती अजून शत्रूला लागली नव्हती. मधे नुसत्या लहानपणच्या आठवणी. प्रेरणाच्या मालिकेतली दोघं दहा भाग एकाच बाकावर बसून होती आणि त्यानं अजून तिचं नाव विचारलं नव्हतं.

“पण निदान जिवंत तरी आहेत,” प्रेरणा म्हणाली.

हनुमंत हसला नाही. त्याची मालिका साधी होती. समुद्रकाठचं गाव, नवरा-बायकोचा शेवयांचा गाडा. ती त्यानं बायको अनिताबरोबर बघायला घेतली होती. दर सोमवारी रात्रीच्या जेवणानंतर एक भाग. जपानी कुणालाच कळत नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती अनिता वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. हनुमंतला अक्षरं वाचता येत, पण एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येई.

अकरा भाग झाले आणि अनिता गेली. आठ दिवसांत. डॉक्टर म्हणाले, पोटात सगळीकडे पसरलंय, फार उशीर झाला. उशीर कसा झाला, ते कुणालाच सांगता येईना. त्यानं तिच्या बहिणीला विचारलं. ती ज्या हॉटेलात कामाला होती, तिथल्या मॅनेजरला विचारलं. एका घरात राहून आपल्याला दिसलं कसं नाही, हे तो चार महिने स्वतःलाच विचारत होता.

बारावा भाग त्यानं काल एकट्यानं बघितला. गाड्याच्या मागं बाईचा फोटो, पुढं उदबत्ती. ते कळायला अक्षरं लागली नाहीत.

“अकरा भाग बाई हसती,” तो म्हणाला. “नवऱ्याशी भांडती. आन् बाराव्यात एकदम फोटू? असं कुनी मरतं व्हय? आधी काय खोकला न्हाई, ताप न्हाई, काय तरी दाखवायचं ना मानसाला!”

आदिनाथ उगाच एक स्क्रू शोधू लागला.

मग प्रेरणा हळूच म्हणाली, “काका, एकदम नाही हो. दुसऱ्या भागातच सांगितलंय.”

“कुटं सांगितलंय?”

“ती दवाखान्यात जाते तिथं.”

“त्यो भाग बघितलाय मी. आमी दोगांनी बघितलाय. काय बी सांगितलेलं न्हाई.”

“सांगितलंय.”

“न्हाई म्हन्लं ना पोरी!”

“लावू या पैज,” आदिनाथ म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. “काका हरले तर पुढच्या सोमवारची मिसळ काकांची. आणि रस्सा हॉटेलातला नको, घरचा.”

“लाव,” हनुमंत म्हणाला.

प्रेरणानं फोनवर दुसरा भाग काढला, पुढं पुढं सरकवला आणि फोन काउंटरवर उभा केला. दवाखान्याची खोली. म्हातारा डॉक्टर. त्याच्यासमोर ती बाई, मांडीवर हात ठेवून. प्रेरणा एकेक ओळ थांबवून मराठीत सांगू लागली.

“डॉक्टर म्हणतो, सहा महिने. फार तर आठ.”

हनुमंत पुढं सरकला.

“ती म्हणते, माझ्या नवऱ्याला सांगू नका. त्याला कळलं तर तो आजपासूनच रडत बसेल. डॉक्टर म्हणतो, हे बरोबर नाही. ती म्हणते, मला हे सहा महिने गाड्यावर त्याच्याशी भांडत काढायचे आहेत.”

“हरलात काका,” आदिनाथ म्हणाला. पण हनुमंतचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं.

“पुन्ना लाव.”

प्रेरणानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच सांगितलं. सहा महिने. फार तर आठ. नवऱ्याला सांगू नका.

“आमी बघितला त्यो हाच भाग का?”

“हाच, काका. दुसरा कुठला असणार?”

बाहेर एक रिक्षा थांबली, गिऱ्हाईक न मिळता निघून गेली. हनुमंत फोनकडं बघत राहिला. पडद्यावरची बाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. खाली नवरा सायकल धरून उभा होता. ती हसली.

“सबटायटल फार पटपट जातात,” प्रेरणा म्हणाली. “काकूंची एखादी ओळ सुटली असेल.”

“तिची? हॉटेलात बुकिंगची समदी इंग्रजी पत्रं तीच लिवायची.”

“मग काकूंनी इथं काय सांगितलं होतं तुम्हाला?”

हनुमंतला आठवायला वेळ लागला नाही. त्या वेळी अनिता अजिबात अडखळली नव्हती.

“डॉक्टर म्हनतोय रक्त कमी हाय. काळजीचं कारन न्हाई, गोळ्या घ्या, बरं वाटंल.”

काउंटरची कड त्यानं घट्ट धरली.

“त्याच हप्त्यात ती बी दवाखान्यात गेलती,” तो म्हणाला. “परत आल्यावर मला हेच म्हनाली हुती.”